उन्हासाठी आडोसा

बहात्तर साली सगळा जिल्हा ढगांची वाट पाहत होता, तेव्हा आमच्या घरात एका माणसाला डॉक्टरांनी ऊन लिहून दिले होते. ते माणूस म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. गाव राहुरीच्या बाजूचे, बसच्या फाट्यापासून आत. मी तेव्हा नगरला एका लहान दैनिकात बातम्या लिहीत होतो आणि रविवारी घरी येत होतो. त्यामुळे इथे जे आहे त्यातले काही मी पाहिलेले, काही आईने आणि वहिनीने सांगितलेले. दोघींच्या सांगण्यात फरक पडला तिथे मी वहिनीचे धरले आहे. आईला गोष्ट रंगवायची सवय होती.

वहिनी पुढच्या गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. नेमणूक तात्पुरती होती. आदल्या हिवाळ्यात तिला कावीळ झाली आणि घराने काविळीचे जे जे करतात ते सगळे केले. तिला माजघरात ठेवले, कारण काविळीच्या माणसाच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही असा समज होता. जेवणातून हळद गेली, तेल गेले, तूप गेले. पिवळ्या काठाची दोन लुगडी पेटीत गेली. काविळीची माळ घालणारा एक माणूस पंचक्रोशीत होता, त्याच्याकडून माळ आणली. माळ गळ्यातून सैल होत खाली उतरते तशी कावीळ उतरते, असे तो सांगे. माळ पोटापर्यंत आली, पुढे मांडीपर्यंत आली, कावीळ मात्र डोळ्यांतून हलली नाही.

शेवटी भावाने तिला पुण्याला नेले. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि लिव्हरला सूज होती. शस्त्रक्रिया झाली. ती बरेच दिवस इस्पितळात राहिली आणि ज्येष्ठात घरी आली तेव्हा तिचे डोळे पांढरे झाले होते. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला सरळ माजघरात नेऊन निजवले.

कावीळ गेली, पण नवीनच दुखणे सुरू झाले. कमरेची आणि मांड्यांची हाडे ठणकू लागली. खाली बसले की उठता येईना. चालताना ती दोन्ही बाजूंना झुलायची. आईचा निष्कर्ष ठरलेला होता : अंगात ताकद नाही, म्हणून आणखी झोप, आणखी पथ्य, आणखी अंधार.

वहिनीला घाई होती. रजा वाढवून मिळाली होती ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी डॉक्टरांचा दाखला घेऊन हजर व्हायचे, नाहीतर तिच्या जागी आलेल्या बदली शिक्षिकेलाच ठेवायचे, असे तिला कळवण्यात आले होते. तात्पुरत्या माणसाला दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही, हे तिला ठाऊक होते.

राहुरीचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तरुण होते, घाईत बोलायचे. त्यांनी वहिनीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि ती ओरडली. त्यांनी विचारले, खाता काय? आईने अभिमानाने सांगितले : मुगाचे पाणी, मऊ भात, लोणी काढलेले ताक.

"आणि या खोलीत किती दिवस आहात?"

"पुण्याचं सोडलं तर कावीळ झाल्यापासून," वहिनी म्हणाली.

डॉक्टर पाटावर बसले. "हे बघा. लिव्हर सुधारतंय. हाडं उपाशी आहेत. पित्त अडलं म्हणजे तेलातुपातलं काही अंगी लागत नाही. हाडांना जे जीवनसत्त्व लागतं ते नेमकं तेलातुपातूनच आत जातं. आत गेलं तरी त्याच्यावर आधी लिव्हरला काम करावं लागतं, आणि तुमचं लिव्हर आजारी होतं. राहिलं ऊन. ते तुम्ही बंद केलंत."

"ड जीवनसत्त्व," वहिनी पडल्या पडल्या म्हणाली. "सूर्यप्रकाशात त्वचेखाली तयार होते. मीच पोरांकडून पाठ करून घेते."

"मग आता स्वतः पाठ करा."

त्यांनी इंजेक्शन दिले, चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या, थोडे तूप सुरू करायला सांगितले आणि रोज ऊन घ्यायला सांगितले. दाखल्याचेही त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले. "जमिनीवर बसायचं आणि जमिनीला हात न टेकता उठायचं. ते जमलं की सही. त्याआधी नाही. वर्गात पडून पाय मोडला तर मला विचारतील."

भावाने बराच वेळ मनात धरलेला प्रश्न विचारला. "लिव्हर परत बिघडलं तर?"

"परदेशात आता आख्खं लिव्हर बदलायला लागलेत. एकाचं काढून दुसऱ्याला बसवतात. फार थोडी माणसं जगतात अजून. पण करतात."

वहिनी आईकडे वळून म्हणाली, "बदलायचंच झालं तर आत्याबाईंचं द्या मला. त्या दगड पचवतात."

"घे की," आई म्हणाली. "आन् तुजी जीब मला दे. आळीत भांडायला कामाला येईल."

डॉक्टर हसत मोटारसायकलकडे गेले. आजारपण सुरू झाल्यापासून त्या माजघरात कोणी हसल्याचे मला आठवत नव्हते.

आईने डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवस उगवताना ती वहिनीला ओसरीवर आणून बसवू लागली. कोवळे ऊन चांगले, बाळाला सुद्धा कोवळ्या उन्हातच निजवतात, हा तिचा अनुभव. बाहेर माणसांची ये-जा, म्हणून वहिनीच्या डोक्यावर पदर. सकाळचा वारा बाधतो, म्हणून वरून शाल. पायांना गारठा नको, म्हणून पायांवर गोधडी. ऊन थोडे तापले की आई तिला लगेच आत नेई. हे आषाढ लागेपर्यंत चालले. आकाश रोज स्वच्छ होते, उपचारात एका दिवसाचाही खंड पडला नाही, आणि वहिनीला पहिल्यासारखेच उठता येत नव्हते.

डॉक्टर दुसरे इंजेक्शन द्यायला आले तेव्हा रविवार होता आणि मी घरी होतो. त्यांनी विचारले, ऊन कसे घेता ते दाखवा. आईने वहिनीला ओसरीवर बसवून, पदर, शाल, गोधडी सगळे जिथल्या तिथे घालून दाखवले.

डॉक्टरांनी गोधडीचे टोक उचलून पाहिले. "आजी, हे ऊन तुम्ही लुगड्याला दिलंत. लुगडं आता चांगलं दणकट झालं असेल."

"मंजी?"

"म्हणजे ऊन कातडीला लागायला पाहिजे. हात उघडे, पाय उघडे, पाठ उघडी. आणि पहाटेचं नाही. दहाच्या पुढचं. थोडा वेळ बसा, पण उघड्या अंगाने बसा."

भाऊ आढ्याकडे पाहू लागला. आमच्या घरात सून दारात आली तरी डोक्यावर पदर असे, मग घर कितीही शिकलेले असो. आणि आमचे घर दोन बोळांच्या कोपऱ्यावर होते. एक बोळ विहिरीकडे जायचा, दुसरा महादेवाच्या देवळाकडे. मागच्या अंगणाला कमरेएवढी भिंत. वरचे धाबे एकांताचे होते, पण तिथे जायला शिडी, आणि वहिनीला उंबरठा ओलांडायलासुद्धा चौकट धरावी लागत होती.

तोड भावाने काढली. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता आणि उसाचे गाळप बंद असल्याने घरी मोकळा असे. गेल्या सुगीचा ज्वारीचा कडबा मागे पडून होता. पावसाआधी तो नीट रचून ठेवायचाच होता. भाऊ म्हणाला, गंजी गोल रचायची ती चौकोनी रचू, मधे जागा सोडू. आईने दोन अटी घातल्या : पेंढी वाया जाऊ नये, आणि म्हशीच्या बाजूला तोंड ठेवू नये. दिवसभरात अंगणात कडब्याची खोली उभी राहिली. छत नाही, चारी बाजूंना पुरुषभर उंच भिंती, एका कोपऱ्यात आत शिरण्यापुरती फट.

दहा वाजले की वहिनी भिंत धरत धरत आत जायची. पाटावर बसून लुगडे गुडघ्याच्या वर घ्यायची, चोळीच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडायची आणि पाठ उन्हाकडे करायची. आई फटीजवळ काठी घेऊन राखणीला. काठी माणसांसाठी कमी आणि म्हशीसाठी जास्त होती. मी बाहेरून विचारले, "कसं आहे?" आतून उत्तर आले, "भावोजी, कडब्याचा वास आणि वर आभाळ. म्हशीला काय वाटत असेल ते कळलं मला."

आता फरक दिसू लागला. ठणका कमी झाला. कुशीवर वळताना ती कण्हेनाशी झाली. उठताना आधी दोघांनी धरावे लागे, ते एकावर आले.

पण पाऊस आला नाही. मृग कोरडा गेला होता, आषाढही कोरडा गेला. बांधावर हिरवे काही उगवले नाही आणि म्हैस तर खायची थांबणार नव्हती. कडबा एकच होता. आई रोज भिंतीच्या वरून पेंढ्या काढू लागली. ती न्यायाने काढायची. आज विहिरीकडच्या बाजूची, उद्या देवळाकडची. सुरुवातीला भिंत उभ्या माणसाच्या वर होती, मग खांद्याला आली. वहिनी बसूनच असल्याने तिला त्याचे काही नव्हते. उलट दर रविवारी ती मला विचारायची, "तुमच्या पेपरात धरणाच्या पाण्याची पातळी देता ना? शेजारी आमच्या भिंतीची पण देत जा. लोकांना दोन्हींची काळजी आहे."

श्रावणात गावाने महादेवाला पाण्यात ठेवायचे ठरवले. आमच्याकडे ही पद्धत आहे. पाऊस ताणतो तेव्हा गाभाऱ्याचे दार लिंपून घेतात आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरतात. देव गुदमरला की पाऊस पाडतो. विहिरी तळाला गेल्या होत्या, तरी प्रत्येक घरातून हंडा गेला. देवळाची वाट आमच्या अंगणावरून.

आमच्या बोळात पलीकडे एक म्हातारी राहायची. आईची लहानपणापासूनची सोबतीण, फटकळ. सगळा गाव तिला मावशी म्हणे. ती डोक्यावर हंडा घेऊन चालली होती. भिंत तोवर छातीला आली होती आणि मावशी उंच होती. तिने आत वाकून पाहिले आणि तिथेच थांबली.

"आगं बया! आमी देवाला पान्यात कोंडतोय आन् तुजी सून हितं उनाला पाठ देऊन बसलीया. देवानं कुनाचं ऐकायचं?"

मागून येणाऱ्या बायका हसल्या. मावशी गमतीने बोलली होती, पण आईला ते लागले. संध्याकाळपर्यंत तेच वाक्य विहिरीवरून फिरून तिच्या कानावर परत आले, आणि परत येताना त्यातली गंमत गेली होती. दुसऱ्या दिवशी आईने वहिनीला बाहेर येऊ दिले नाही.

"देव पान्यातनं निगू दे. मग बस."

"देव पाण्यातून निघेल तेव्हा शाळेत माझ्या खुर्चीवर दुसरी बाई बसलेली असेल."

"गावाचा पाऊस मोठा का तुजी खुर्ची?"

मी रविवारी गेलो तेव्हा ती माजघरात होती. भाऊ आईला समजावून थकला होता. आई वाईट नव्हती. तिला खरोखरच भीती वाटत होती की पाऊस आला नाही तर गाव आयुष्यभर ते आमच्या दारावर लिहील. दिवाळी फार लांब नव्हती, आणि ठणका परत चढू लागला होता.

त्या दिवशी जेवणे झाल्यावर वहिनी उठली. एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने काठी घेतली आणि बाहेर पडली. कुठे, असे भावाने विचारले तर म्हणाली, "मावशींकडे." बोळ पंचवीस-तीस पावलांचा असेल. तिला तो बराच वेळ पुरला. मी मागून गेलो, पण तिने हात धरू दिला नाही.

मावशी ओसरीवर तंबाखू मळत बसली होती. तिच्या घराची बोळाकडची भिंत खालपासून वरपर्यंत गोवऱ्यांनी भरलेली होती. एरवी पावसाळ्यात गोवऱ्या थापता येत नाहीत. त्या वर्षी येत होत्या.

वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली, दम घेतला आणि म्हणाली, "मावशी, गोवऱ्या छान वाळल्यात."

"वाळनार न्हाई तर काय! आग वकतंय वरनं."

"मग या वाळायला ऊन कुणाकडनं मागून आणलंत? देव पाण्यात असताना?"

मावशी तंबाखू मळायची थांबली. भिंतीकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले. मग ती इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या दारातून दोन डोकी बाहेर आली.

"मास्तरीन हायेस खरी! ये, बस. न्हाई, बसू नको, तुला उटता येनार न्हाई. हुबीच ऱ्हा." मग तिने स्वतःचे लुगडे नडगीपर्यंत वर केले आणि सुजलेला गुडघा दाखवला. "ह्ये बग. धा वरसं झाली. तुजा डागदर ह्याला बी ऊन सांगल का?"

"बिघडणार तर काही नाही," वहिनी म्हणाली. "पण पहाटेचं नको. दहाच्या पुढचं."

दुसऱ्या दिवशीचे मला आईने सांगितले. मावशी चार बांबू आणि जुन्या लुगड्यांचे बोचके घेऊन आली. कडबा आता मांडीएवढा उरला होता. तिने कोपऱ्यांना बांबू ठोकायला लावले, लुगडी चारी बाजूंनी बांधली आणि आईला म्हणाली, "त्या दिवशी म्याच बोल्ले. आता म्याच बसते. देवाला इचारायचं आसंल तर मला इचारंल." ज्या तोंडातून शब्द निघाला तेच तोंड आत जाऊन बसल्यावर आईला धरून ठेवायला काही उरले नाही. तिने वहिनीला आतून बाहेर बोलावले.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा अंगणात हिरव्या, जांभळ्या, विटकरी लुगड्यांची खोली होती आणि आत तिघींचे आवाज होते. तिसरी मावशीची नुकतीच बाळंत झालेली सून. आई बाहेर काठी घेऊन बसली होती. त्याच्या पुढच्या रविवारी काठी भिंतीला टेकलेली होती आणि आवाज चार होते.

"आई, राखण कोण करतंय?" भावाने ओसरीवरून विचारले.

"आतनं बी करता येती," आतून आई म्हणाली.

"आणि माझा चहा?"

"ऊन झाल्यावर!" चौघी एकदम ओरडल्या.

दुपार होईपर्यंत भावाला स्वतःच्या अंगणात जायची सोय राहिली नाही. बोळातून जाणारे बाप्ये आमच्या कोपऱ्यावर आले की खाकरायला लागले. आत काय चालते याबद्दल गावात बऱ्याच अटकळी होत्या. वहिनीने मला सांगितले की मुख्यतः आत नसलेल्या बायकांबद्दल बोलणे चालते, म्हणून आत येणाऱ्या वाढत आहेत.

पाऊस आला नाही. दोन-चार सरी पडल्या, धूळ बसली. देवाला पाण्यातून काढले ते पावसामुळे नाही. गाभाऱ्यातले पाणी गुरांना लागले. दसऱ्याच्या आत दुष्काळी कामे सुरू झाली आणि गावातली निम्मी माणसे रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. आमच्या कोपऱ्यावरून जाताना उन्हात बसलेल्या बायकांचे आता कोणाला काही वाटत नव्हते. उन्हात सगळेच होते.

दिवाळी त्या वर्षी नावापुरती झाली. पाडव्यानंतर भावाने वहिनीला सायकलच्या कॅरियरवरून राहुरीला नेले. मी दुसऱ्या सायकलवर होतो. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबले, नडगी दाबली. ती ओरडली नाही. मग त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि फरशीकडे बोट दाखवले.

वहिनी मांडी घालून बसली. जरा थांबली. मग एक गुडघा उभा केला, त्यावर हात ठेवला, ओठ आवळले आणि उठली. मधे क्षणभर ती हलली तेव्हा भाऊ पुढे झाला, पण तिने डोळ्यांनीच त्याला मागे सारले.

"हात टेकलात," डॉक्टर म्हणाले.

"गुडघ्याला टेकला. तुम्ही जमीन म्हणाला होतात."

डॉक्टरांनी भावाकडे पाहिले. भाऊ म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. घरी पण असंच असतं."

"परत एकदा," डॉक्टर म्हणाले. ती परत बसली आणि परत उठली. या वेळी हात गुडघ्यावरही जेमतेम होता. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली. तेलकट खाणे जपून, गोळ्या सुरू, ऊन सुरू, आणि लिव्हर तपासायला दर दोन महिन्यांनी यायचे, असे बजावले.

शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून थांबलो होतो. आईने कॅरियरवर गोधडीची घडी करून सुतळीने घट्ट बांधली होती. वहिनी दारात आली, गोधडीकडे पाहिले आणि म्हणाली, "जाताना चालत जाते."

"दीड मैल आहे," भाऊ म्हणाला.

"मग लवकर निघू या."

ती पुढे, भाऊ सायकल हातात धरून मागे, त्याच्या मागे मी. चालताना ती अजून थोडी झुलायची. ओढ्यापुढे रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग होते आणि बायका ओळीने बसून हातोड्या मारत होत्या. बऱ्याच जणी तिच्या वर्गातल्या मुलांच्या आया होत्या. एकीने मान वर केली.

"आगं, बाई आल्या! चालत आल्या!"

हातोड्या थांबल्या. मुकादम काहीतरी ओरडला, पण कोणी लक्ष दिले नाही. एकीने विचारले, बऱ्या झाल्या का? दुसरीने सांगितले, पोरगं पाढे विसरलंय, जरा कान धरा त्याचा. वहिनी प्रत्येकीशी उभी राहून बोलली. मला वाटते ती त्या निमित्ताने दम घेत होती. मग ती पुढे निघाली, शाळेच्या पायऱ्या खांब धरून चढली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून एकसुरात पाढ्यांचा आवाज सुरू झाला.

भाऊ आणि मी शाळेसमोरच्या लिंबाखाली बसून राहिलो. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली नाही. शाळा सुटल्यावर आली तेव्हा तिच्या हातांना खडू लागला होता आणि चेहरा दमलेला होता. भावाने सायकल उभी धरली. ती गोधडीवर बसली आणि घर येईपर्यंत पहिलीतल्या कोणाला अजून क सुद्धा येत नाही ते सांगत राहिली.